गुरू कुंभेत असेपर्यंत

माझे वडील पन्नास सालच्या दिवाळीनंतर मालवण बंदरातून गलबतावर चढले आणि परत आले नाहीत. ते काही खलाशी नव्हते. एका पेढीवर कारकून होते, आणि मालाबरोबर रत्नागिरीपर्यंत जाऊन आठ दिवसांत परतायचे होते. तिसऱ्या दिवशी समुद्र फिरला. नंतर देवगडच्या बाजूला डोलकाठी लागली, शिडाचं कापड लागलं, तीन माणसं लागली. त्या तिघांत वडील नव्हते. काका, म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, किनाऱ्याकिनाऱ्याने चालत जाऊन बघून आले आणि ओटीवर बसून नुसतं पाणी पीत राहिले. मी बारा वर्षांची होते. मला रडू आलं नाही, राग आला. तो कोणावर काढायचा हे न कळल्यामुळे पुढे आयुष्यभर ज्याच्यात्याच्यावर निघत राहिला.

आमच्याकडे बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघतात. तोवर त्याला मेलेला म्हणत नाहीत, त्याच्या बायकोचं कुंकू पुसत नाहीत, श्राद्ध घालत नाहीत. बारा वर्षं भरली की पळसाच्या पानांचा पुतळा करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात आणि त्याला अग्नी देतात. रीत सरळ होती. तिच्यात घोटाळा केला तो गावच्या भटजींनी, तोही चांगल्या मनाने. आई जेवत नव्हती, अंथरुणावरून उठत नव्हती. तिला धीर द्यायचा म्हणून त्यांनी पंचांग उघडलं आणि सांगितलं, "वहिनी, ते गेले तेव्हा गुरू कुंभेत होता. गुरूला सगळ्या राशींचा फेरा करायला बारा वर्षं लागतात. तो परत कुंभेत आला की गेलेलं माणूस घरी येण्याचा योग आहे." आई दुसऱ्या दिवशी उठून पेज प्यायली. भटजी पुढच्याच वर्षी वारले, पण त्यांचं वाक्य आईने पदराच्या गाठीला बांधून ठेवलं.

म्हणजे बारा वर्षं भरली की काकांच्या हिशेबी पुतळा जाळायचा होता, आणि आईच्या हिशेबी नवरा घरी यायचा होता.

आईला अक्षरओळख बेताची, पण आकाशातला गुरू तिने ओळखून घेतला. परगावी दिलेल्या मुलीच्या मुक्कामाची चौकशी करावी तशी ती भेटेल त्या शिकलेल्या माणसाला विचारी, "गुरू आता खंय आसा?" मीनेत गेला, मेषेत गेला, वृषभेत गेला, सगळं तिला पाठ. वर्षातून महिनाभर गुरू सूर्याच्या उजेडात बुडतो आणि दिसत नाही. त्याला गुरूचा अस्त म्हणतात, लग्नंमुंजी थांबतात. त्या महिन्यात आईला घास गिळवत नसे. मी पुढे मॅट्रिक झाले, सावंतवाडीला ट्रेनिंग केलं, मालवणला शाळेत सातवीला शास्त्र शिकवू लागले. गुरू हा वायूचा गोळा आहे, त्याला आपल्या घरचं काही पडलेलं नाही, असं मी तिला कितीदा सांगितलं असेल. पालथ्या घड्यावर पाणी.

दरवर्षी दिवाळीनंतर ती ग्रामदेवतेच्या देवळात कौल लावी. आमच्याकडे देवाला प्रश्न विचारायची हीच पद्धत. गुरव पाषाण धुऊन त्याच्या डाव्या-उजव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवतो, घरातला पुरुष गाऱ्हाणं घालतो, आणि सगळे बघत बसतात. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. आईचा प्रश्न ठरलेला. नवरा जिवंत असेल तर उजवा दे, नसेल तर डावा दे. दरवर्षी उजवा पडत आला.

बासष्टचा पावसाळा संपता संपता मला स्थळ आलं. आलं म्हणजे खरं तर मीच आणलं, पण तेव्हा मुलीने असं म्हणायची सोय नव्हती. ट्रेनिंगला असताना ओळख झालेली. तो सावंतवाडीलाच मास्तर होता. मी चोवीस वर्षांची, म्हणजे गावाच्या भाषेत घोडनवरी. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. माझं नाक सरळ असल्यामुळे असेल, दोनच निघाली.

पहिलं त्याच्या आईने काढलं. बाई बोलायला गोड होत्या, पण त्यांचा मुद्दा पक्का होता. ज्या घरात माणसाची गत लागलेली नाही तिथे मंगलकार्य कसं करायचं? बाप असेल तर त्याने कन्यादान करावं, नसेल तर नसल्याचा विधी करून घ्यावा. दुसरं विघ्न माझ्या पत्रिकेत होतं. माझी रास सिंह. कुंभेतला गुरू मला सातवा, म्हणजे लग्नाला चांगला. फाल्गुनात तो मीनेत जाणार, तिथे तो आठवा, म्हणजे पुढचं वर्षभर लग्नाचं नाव काढायला नको. त्यातून मीनेत जाता जाता त्याचा अस्तही होणार होता. तेव्हा लग्न माघात व्हायला हवं होतं, आणि माघात लग्न व्हायचं तर त्याआधी मार्गशीर्षात पुतळा जळायला हवा होता. बांद्याची एक मुलगी त्याच्या आईने बघून ठेवलेली होती, हे मला त्यानेच मान खाली घालून सांगितलं. आईच्या शब्दाबाहेर जाणारा तो नव्हता. तेव्हाचे चांगले मुलगे असेच असत.

मी आईला सगळं सांगितलं. ती ओल्या नारळाच्या वाट्या उन्हात मांडत होती, ती मांडत राहिली.

"बारा वर्सां थांबलंय," ती म्हणाली. "गुरू अजून कुंभेत आसा. तो थंयसून जायसर माका थांबूक दी."

"म्हणजे फाल्गुनापर्यंत."

"होय."

"आणि माझां काय?"

"तोपर्यंत ते इले तर तुझां कन्यादान तेच करतले."

मला त्या क्षणी तिचा इतका राग आला की मी घरातून निघून सरळ शाळेत जाऊन बसले. रविवार होता, शाळा बंद होती. ती चार महिने मागत होती. त्या चार महिन्यांवर माझं सगळं आयुष्य होतं. वर्गाबाहेरच्या पायरीवर बसून मी विचार केला की वडील मेलेले असू देत, आणि हे मनात आल्याबरोबर उठून विहिरीवर गेले, तोंड खळखळून धुतलं. त्या दिवसांत माझं असंच चाललं होतं. जेवण जात नव्हतं, वर्गात मुलींच्या अंगावर खेकसत होते, आणि घरी आईसमोर बसून तिच्या कपाळाकडे बघण्याचं टाळत होते.

शाळेत माझ्याबरोबर एक वयस्कर ख्रिस्ती मास्तर होते. गोव्याकडून पूर्वी आलेलं घराणं, चर्चच्या वाटेवर घर. त्यांचा भाऊ बोटीवर नोकरीला. त्याने कुठल्याशा बंदरातून एक दुर्बीण आणून दिलेली, लाकडी पायांवर उभी राहणारी, माझ्या हाताएवढी लांब. मास्तर रोज तिन्हीसांजा अंगणात गुरू बघायचे आणि वहीत लिहून ठेवायचे. गुरूवर एक तांबूस डाग आहे, तो त्यांचा लाडका. गुरू दहा तासांत स्वतःभोवती गिरकी घेतो, त्यामुळे डाग कधी आपल्या बाजूला असतो, कधी पाठीमागे. समोर असेल त्या दिवशी मास्तर शाळेत खुशीत येत.

मी त्यांना म्हटलं, आईला एकदा दाखवा. माझा डाव साधा होता. ज्या गुरूवर ती बारा वर्षं भिस्त ठेवून बसली, तो नुसता गोळा आहे, त्याच्यावर वारं घोंघावतंय आणि तिथून कोणी कोणाला परत पाठवत नाही, हे तिने एकदा डोळ्यांनी बघावं. आईला दया दाखवायला मी तिला तिकडे नेलं नव्हतं, हे आता या वयात कबूल करायला हरकत नाही.

कार्तिकातली संध्याकाळ होती. गुरू दक्षिणेला चांगला वर आला होता. आईने आधी नुसत्या डोळ्यांनी त्याच्याकडे बघून घेतलं, ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं. मग मास्तरांनी तिला स्टुलावर बसवलं.

"वैनी, डोळो हय लावा. नळयेक हात लावू नकात, ती हलता."

बराच वेळ तिला काही दिसेना. ती चुकीचा डोळा मिटत होती. मग एकदम ती पुढे झुकली.

"पट्टे आसत," ती म्हणाली. "आणि खालच्या पट्ट्यार भाकरेक करपल्याचो डाग पडता तसां कायतरी."

"तोच," मास्तर खूश होऊन म्हणाले. "दिसता तितको ल्हान नाय तो. आमची सगळी पृथ्वी त्येच्यात बुडात."

"पण तां काय?"

"कोण म्हणतत वादळ. कोण म्हणतत तरंगतां बेट."

आईने डोळा काढला नाही. "वादळ कधीधरना चल्लाहा?"

"दुर्बिणी झाल्यापासून लोक बघतत. मधी मधी पुसट जाता, परत दिसता. तीनशे वर्सां होत इली."

"तीनशे वर्सां मोडला नाय?"

"नाय."

आई मालवणच्या किनाऱ्यावर जन्मलेली. वादळाची अक्कल तिला आम्हा दोघांपेक्षा जास्त होती. ती म्हणाली, "आमचां वादळ जमनीक लागला की मोडता. थंय खालती जमीन नाय?"

मास्तर भला माणूस. माझ्या वडिलांची हकिगत त्यांना ठाऊक होती. "बेट आसात तर जमीन म्हणूक येयत," ते म्हणाले. "कोणाक ठाऊक, वैनी."

बेट हा शब्द त्यांनी पुन्हा उच्चारल्याबरोबर आईचा चेहरा बदललेला मला त्या अंधुक उजेडातही कळला. बेट म्हटलं की माणूस लागू शकतो, पाय टेकू शकतो. मला ते सहन झालं नाही.

"बेट-बिट काय नाय," मी म्हटलं. "खालती काय एक नाय. वारोच आसा, खालपासून वरपर्यंत. म्हणान तां वादळ मोडणा नाय."

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. मी ते कुठे वाचलेलं नव्हतं, आईला लागावं म्हणून बोलले होते. पुढे पुष्कळ वर्षांनी यानांनी गुरूजवळून काढलेले फोटो वर्तमानपत्रांत आले, आणि त्याखाली लिहिलेलं होतं की तो डाग म्हणजे वादळच आहे, बेट नाही, त्याच्याखाली टेकायला जमीन नाही आणि म्हणूनच ते इतकं टिकलं. मी खरी ठरले होते. खरं ठरल्याचा इतका संताप मला दुसऱ्या कुठल्याही गोष्टीत आलेला नाही. मी तो पेपर चुलीत घातला.

घरी येताना आई माडांच्या वाटेने पुढे चालत होती. मध्येच थांबून म्हणाली, "जां वादळ मोडणाच नाय, त्येच्यात गावलेलो माणूस येवचो नाय. आणि तो मेलो असांय म्हणूक येवचा नाय. मगे घरच्यांनी काय करूचां?"

हीच संधी होती, आणि मी ती सोडली नाही. "देवाक विचारूया," मी म्हटलं. "हेच्यापुढे मी काय बोलूचंय नाय. देव सांगात तसां."

तिने ताबडतोब होय म्हटलं. का म्हणणार नाही? बारा वर्षं उजवा पडत आला होता.

पण मी शास्त्राची शिक्षिका होते. पाणी कसं सुकतं, ऊब लागली की लवकर का सुकतं, हे दरवर्षी मुलींना शिकवत होते. आणि लहानपणापासून तो कौल बघत होते. पाषाणाच्या उजव्या अंगाला समई असायची, वीतभर अंतरावर. उजवी पाकळी आधी सुकायची आणि आधी सुटायची. गावातले इतर लोक उभ्याउभ्या कौल लावून जात, तेव्हा कधी डावा पडे कधी उजवा. आमच्या घरचा कौल मात्र काकांच्या लांबलचक गाऱ्हाण्यामुळे तासतासभर चाले, आणि तेवढ्या वेळात समई आपलं काम करी. हे मला कळलं होतं विसाव्या वर्षी. आईला सांगायची हिंमत झाली नव्हती. देवच वडील आहेत म्हणतो, तर म्हणू दे, असं वाटलं होतं.

सोमवारी सकाळी आम्ही देवळात गेलो. आई, काका, मी आणि गुरव. आमच्या घराण्यात कौलाच्या वेळी समईत तेल घालायचा मान घरातल्या कुमारिकेचा. मी तेल घालायला वाकले. गुरव पाकळ्या पाण्यात बुडवत होता, काका डोळे मिटून हात जोडत होते. डाव्या हाताने मी समई उचलली आणि पाषाणाच्या डाव्या अंगाला नेऊन ठेवली, चार बोटं अंतरावर. वाती सारख्या केल्या. उठून आईच्या मागे जाऊन उभी राहिले.

काकांनी गाऱ्हाणं घातलं. "बा म्हाराजा, बारा वर्सां ह्या बायलेन तुझ्या पायाकडे बघून काढली. तिचो घोव आसात तर उजवो दी, तो घराक येयसर आमी वाट बघतलों. नसात तर डावो दी, आमी तेंची गत करतलों. काय तां सांग आणि आमका मोकळे कर." मग सगळे पाकळ्यांकडे बघत राहिलो. देवळाबाहेर कोणीतरी फणसाच्या पानांवरून चालत होतं. मला मागे फिरून ओरडावंसं वाटत होतं की थांबा, समई सरकलेली आहे. मला सावंतवाडीच्या घरात नांदायचंही होतं. मी ओरडले नाही.

डावी पाकळी सुटली. आधी तिचं टोक उचललं गेलं, मग ती घरंगळत पाण्यात पडली.

काका खाली बसले. गुरवाने आईकडे बघण्याचं टाळलं. आई पाषाणाकडे बघत होती. बघता बघता तिची नजर थोडी खाली गेली, परत वर आली, आणि ती म्हणाली, "बरां."

पुढचं मी बघायचं टाळलं तरी बघावं लागलं. मार्गशीर्षात खाडीच्या काठावर काकांनी पानांच्या पुतळ्याला अग्नी दिला. नारळ तापून फुटला तेव्हा मी दूर उभी होते तरी मला ऐकू आला. घरी दोन म्हाताऱ्या विधवांनी आईच्या बांगड्या दगडावर फोडल्या, काळे मणी तोडले, आणि ओल्या फडक्याने कपाळ पुसलं. इतकी वर्षं एकाच जागी कुंकू लावल्यामुळे तिथली कातडी फिकट झाली होती. पुसल्यावरही टिकलीची जागा दिसत राहिली. आई रडली नाही. मी मात्र गोठ्यामागे जाऊन लुगड्याचा बोळा तोंडात घालून रडले. वडिलांसाठी मी पहिल्यांदा रडत होते, आणि त्यांना मीच मारलं होतं.

लग्न ठरल्याप्रमाणे माघात झालं. आमच्याच अंगणात मांडव घातला होता. काका-काकूंनी कन्यादान केलं. आई दिवसभर स्वयंपाकघराच्या मागच्या खोलीत होती. शुभकार्यात विधवेचं तोंड दिसू नये, अशी तेव्हाची रीत होती. ती मोडायची ताकद माझ्यात होती, पण तोंड उघडायचा हक्क मी घालवून बसले होते. मंगलाष्टका, पंगतींचा गलका, माझ्या मैत्रिणींचे हसण्याचे आवाज तिने तिथूनच ऐकले.

निघायच्या वेळी मी तिच्या पाया पडायला आत गेले. ती पांढऱ्या लुगड्यात भिंतीला टेकून उभी होती, दोन्ही हात पाठीमागे.

"कौलाच्या दिवशी समई तू सरकवलंस," ती म्हणाली.

मी उभीच राहिले.

"बारा वर्सां त्या पाषाणाकडे बघतंय. समई खंय आसता तां माका म्हायत नाय?" तिच्या आवाजात राग नव्हता, आणि ते जास्त भयंकर होतं.

ती समई काय करते हे तिला आधीपासून माहीत होतं का, हे मी विचारायला हवं होतं. माझ्याने विचारवलं नाही. पुढेही कधी विचारवलं नाही. मी एवढंच म्हटलं, "मगे तेव्हाच कित्याक सांगलंस नाय?"

"सांगलंय असतंय तर काकांनी परत कौल लावलो असतो. उजवो पडलो असतो." ती म्हणाली. "मगे तू रवलं असतंस. वाट बघीत, माझ्यासारख्या."

बाहेरून काका हाक मारत होते, गाडीला उशीर होत होता. मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं आणि तशीच राहिले. तिचा हात डोक्यावर येईल म्हणून वाट बघत होते. तो येईना. मी वर बघितलं तर तिने दोन्ही हात अजून पाठीमागेच धरलेले होते. मी उठून तिचा उजवा हात ओढला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. तिने तो हळूच सोडवून घेतला.

"नको गो," ती म्हणाली. "आज तुका माझो हात लागता नये."